नवी शाखा काढायची कोणी?

संघटनेच्या कामात सर्वांत अवघड ठराव कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही संपाच्या ठरावाचे नाव घेणार नाही. संपाच्या वेळी समोर प्रशासन असते आणि आपण सगळे एका बाजूला असतो. अवघड ठराव तो, ज्यात आपलीच माणसे सभागृहात दोन बाजूंना बसलेली असतात आणि त्यांतला एक गट म्हणतो, "आता आम्हाला वेगळी चूल मांडू द्या." अशा वेळी घोषणांनी आणि जुन्या उपकारांच्या आठवणींनी काम भागत नाही. वेगळे होण्याचा हक्क कोणाला, तो केव्हा वापरायचा, आणि वेगळे झालेल्यांना परत येण्याची वाट कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली नसली की संघटना फुटते, आणि फुटलेली सहसा सांधत नाही.

या अंकात आम्ही अशाच काही ठरावांची हकीकत सांगणार आहोत. ती रेल्वेतली नाही आणि टपाल खात्यातलीही नाही. ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची आहे. वाचक म्हणतील, आमचा त्याच्याशी संबंध काय? संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर तिकिटाच्या खिडकीपासून पोस्टाच्या काउंटरपर्यंत आपले काम आता प्रोग्रॅमच्या हुकमाने चालते. दुसरे असे की, या लोकांपैकी काहींनी मालक नसताना, हजेरीपट नसताना, निरनिराळ्या देशांत बसून एकत्र निर्णय घेण्याच्या रीती बसवल्या आहेत. त्यांत त्यांना यश आले तसे अपयशही आले. दोन्ही पाहण्यासारखे आहे.

आधी थोडी ओळख. आपल्या खिडकीवर जो प्रोग्रॅम चालतो त्याचा मूळ मजकूर आपल्याला दिसत नाही. पण जगात असेही प्रोग्रॅम आहेत की ज्यांचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला असतो. तो वाचावा, बदलावा, आणि बदललेला दुसऱ्याला द्यावा, असा लेखी परवानाच त्यासोबत मिळतो. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना लिहिला. हे गृहस्थ आद्याक्षरांवरून आर.एम.एस. या नावाने ओळखले जातात. आमच्या टपाल बंधूंना आर.एम.एस. म्हटले की सॉर्टिंगचा डबा आठवतो, तर तो आणि हा वेगळा! या परवान्याचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. मूळ मजकूर खुला असल्यामुळे कोणीही त्याची प्रत उचलून आपले वेगळे काम सुरू करू शकतो. इथे कोणी कोणाला डांबून ठेवू शकत नाही.

वेगळे काम दोन तऱ्हांनी निघते. रेल्वेवाल्यांना हे समजावून सांगायला नको. एक असते लूप लाइन. ती मेन लाइनवरून निघते, गाडी बाजूला घेते आणि पुढे परत मेन लाइनला मिळते. दुसरा असतो फाटा. तो निघतो तो स्वतःच्या गावाला जातो, त्याची स्टेशने वेगळी, त्याचे टाइमटेबल वेगळे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतही असेच आहे. प्रकल्पाच्या आत राहून एखादा नवा प्रयोग करण्यासाठी जी शाखा काढतात तिला ते ब्रँच म्हणतात. तिने परत यावे अशी अपेक्षा असते. प्रकल्पाबाहेर पडून, नाव बदलून, नवे पदाधिकारी घेऊन जे निघते त्याला फोर्क म्हणतात. लूप असो की फाटा, दोन्हीकडे गाडी वळते ती सांध्यावरच. आणि सांधा कोणाच्या ताब्यात आहे यावर सगळे अवलंबून असते.

आता १९९७ सालची गोष्ट घेऊ. स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये जीसीसी नावाचा कंपायलर लोकांच्या हाती दिला. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम. वर्कशॉपमध्ये लेथचे जे स्थान, ते संगणकाच्या दुनियेत कंपायलरचे. त्याच्यावर बाकीची अवजारे घडतात. त्यामुळे त्याच्यात सुधारणा अडली की हजारो लोकांचे काम अडते. आणि ती अडली होती. बदल स्वीकारण्याचा अधिकार मोजक्या माणसांकडे होता, रोज चाललेले काम बाहेरच्यांना दिसत नसे, आणि नवी आवृत्ती निघायला फार वेळ लागत होता. त्यांचीही बाजू होती. लेथ बिघडला तर सगळे वर्कशॉप बिघडते. म्हणून सावकाश, तपासून, असे त्यांचे म्हणणे. पण तपासणीच्या नावाखाली आलेले काम टेबलावर पडून राहू लागले. परिणाम असा झाला की पेन्टियमसाठी सुधारणा करणाऱ्यांनी आपली वेगळी प्रत ठेवली, फोरट्रानवाल्यांनी वेगळी, सी प्लस प्लसवाल्यांनी वेगळी. दार एकच आणि तेही अर्धे बंद, म्हणून लोक खिडक्यांतून बाहेर पडत होते.

ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकत्र येऊन ईजीसीएस नावाचा नवा प्रकल्प काढला. फूट पडली. पण ती पाडताना त्यांनी काय केले ते पाहा. त्यांनी जीसीसी हे नाव पळवले नाही. वेगळे नाव घेतले. त्यांनी काम उघड्यावर आणले. रोजचा मजकूर कोणालाही पाहता येऊ लागला. मूळ प्रकल्पात होणारे बदल ते आपल्याकडे उतरवून घेत राहिले, म्हणजे दोन रुळांमधले अंतर हाताबाहेर वाढू दिले नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, आपल्या कामाचे हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडेच सोपवण्याचे कागद त्यांनी चालू ठेवले. ज्या संस्थेच्या कारभारावर रागावून बाहेर पडले, तिच्याच नावे कागद करत राहिले! उद्या एकत्र यायचे झाले तर कागदपत्रांची अडचण उरू नये, इतका विचार भांडणाच्या दिवसांत त्यांनी केला होता.

ईजीसीएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९७ मध्ये निघाली. मूळ जीसीसीचीही २.८ ही आवृत्ती जानेवारी १९९८ मध्ये आली. दोन्ही लोकांसमोर होत्या आणि कोणाचे काम पुढे जाते ते लोकांना दिसत होते. एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनने आपल्याकडचे जुने काम थांबवले आणि ईजीसीएसलाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली. फुटून गेलेल्यांची सुकाणू समिती ही मूळ प्रकल्पाची समिती झाली. जुलै १९९९ मध्ये २.९५ ही एकत्रित आवृत्ती बाहेर पडली. म्हणजे दोन वर्षांच्या आत फाटा मेन लाइनला येऊन मिळाला. नव्हे, फाटाच मेन लाइन झाला. फाउंडेशनने यात मोठेपणा दाखवला हेही आम्ही नमूद करतो. "आमचा शिक्का आमच्याकडे आहे" असे म्हणून बसून राहणे त्यांनाही जमले असते.

त्या समितीच्या रचनेत एक गोष्ट आपल्या कामाची आहे. कोणत्याही एका व्यक्तीने, गटाने किंवा कंपनीने प्रकल्प ताब्यात घेऊ नये हाच तिचा उद्देश लिहून ठेवलेला आहे. सभासदांचा पगार कोणतीही कंपनी देत असो, समितीत ते कंपनीचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत.

मग शाखांचे काय झाले? त्या बंद झाल्या नाहीत, उलट त्यांना नियम आले. २००२ मध्ये जीसीसीच्या आत 'ट्री-एसएसए' नावाची एक शाखा निघाली. कंपायलरच्या पोटातली रचनाच बदलण्याचे ते काम होते. ते थेट मेन लाइनवर केले असते तर सगळी वाहतूक ठप्प झाली असती. म्हणून ते बाजूला चालले, मेन लाइनवरचे नवे बदल त्या शाखेत वेळोवेळी घेतले गेले, आणि मे २००४ मध्ये ती शाखा मुख्य धारेत विलीन झाली. एप्रिल २००५ मध्ये निघालेली ४.० ही आवृत्ती तिच्यावरच उभी होती. सात वर्षांपूर्वी ज्या संस्थेत नवे काम करायचे तर बाहेर पडावे लागत होते, तिच्यातच आता इतके मोठे काम आत राहून झाले.

आवृत्तीची शाखा काढण्याचाही नियम आहे. वर्षाचे टप्पे ठरलेले असतात. पहिल्या टप्प्यात मोठे बदल घेतात. मग फक्त चुका दुरुस्त करायच्या. शेवटी फक्त आधी चालत असलेले आणि आता बिघडलेले असे जे असेल ते नीट करायचे. अशा बिघाडांपैकी सर्वांत गंभीर वर्गातला एकही शिल्लक राहिला नाही की मगच नव्या आवृत्तीची शाखा वेगळी काढतात. साहेबांचा दौरा आहे म्हणून किंवा उद्घाटनाचा मुहूर्त आहे म्हणून काढत नाहीत. लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही शिस्त आपल्याला नवी नाही. खिडकीवर एखाद्या सकाळी अर्धवट तयार झालेला पडदा येतो आणि रांगेतल्या प्रवाशाच्या शिव्या आपल्या माणसाला खाव्या लागतात, तेव्हा या शिस्तीची किंमत कळते.

आता दुसरे उदाहरण, जिथे मतदान होऊनही माणसे गेली. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केली. आपल्या देशात सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. डेबियनची १९९८ पासून लेखी घटना आहे. दरवर्षी नेत्याची निवडणूक होते. कोणाही सभासदाला पाच अनुमोदक मिळवून सर्वसाधारण ठराव मांडता येतो. मतपत्रिकेवर एकालाच शिक्का मारायचा नसतो. पसंतीचा क्रम लावायचा असतो, आणि सगळेच पर्याय नापसंत असतील तर तसे म्हणण्याचीही सोय असते.

२०१४ मध्ये तिथे वाद झाला तो असा. संगणक सुरू झाल्यावर बाकीच्या सगळ्या कामांना क्रमाने उठवणारा एक प्रोग्रॅम असतो. आपल्या रनिंग स्टाफला उठवणाऱ्या कॉल बॉयसारखा. तो जुनाच ठेवावा की 'सिस्टमडी' हा नवा घ्यावा? नव्यामुळे काम सोपे होईल, असे एक बाजू म्हणे. नवा प्रोग्रॅम आपले काम सोडून इतरांचीही कामे गिळतो आणि मग आपण त्याच्यावाचून अडून बसू, असे दुसरी बाजू म्हणे. तांत्रिक समितीत आठ सभासद. मते चार-चार पडली. फेब्रुवारी महिन्यात अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. पुढे सर्व सभासदांपुढे ठराव गेला. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला तो असा की, या विषयावर सर्वसाधारण ठरावाची गरजच नाही, हा पर्याय जिंकला. त्याच महिन्यात नाराज मंडळींनी 'देवुआन' नावाचा फाटा काढला. त्याची पहिली पक्की आवृत्ती २०१७ मध्ये आली, आणि तो आजही चालू आहे.

यात नियम कोणी मोडला? कोणीच नाही. मतदान चोख झाले. तरीही आम्हाला वाटते की एका मताने, आणि तेही अध्यक्षांच्या निर्णायक मताने झालेला निर्णय घटनेत बसतो, पण माणसांच्या मनात बसायला त्याला आणखी काही लागते. हरलेल्यांना पुढे काय मिळणार हे जिंकलेल्यांनी त्याच दिवशी सांगावे लागते. डेबियनमध्ये २०१९ च्या डिसेंबरमध्ये याच विषयावर पुन्हा मतदान झाले आणि सिस्टमडी मुख्य राहील, पण दुसरे मार्ग शोधणाऱ्यांना पाठिंबा राहील, असा पर्याय जिंकला. हे वाक्य पाच वर्षे आधी आले असते तर किती माणसे थांबली असती, हा विचार मनात येतोच. एक चांगले मात्र झाले. मूळ मजकूर खुला असल्यामुळे देवुआनवाले आजही बहुतेक सामान डेबियनचेच वापरतात. चुली वेगळ्या झाल्या तरी पाण्याची विहीर एकच राहिली.

प्रत्येक फाटा परत यावाच असेही आम्ही म्हणत नाही. समोर ऐकून न घेणारा धनी असेल तर वेगळे होणे हाच मार्ग उरतो. ओपनऑफिस हा खुला प्रोग्रॅम सन कंपनीकडे होता. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सनच विकत घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यावर काम करणाऱ्यांनी स्वतःची संस्था काढून लिबरऑफिस सुरू केले. ते परत गेले नाहीत आणि त्यांचे काम वाढले. आज ते मराठीतूनही वापरता येते. धन्यापासून फुटणे आणि भावापासून फुटणे यांत फरक आहे. दोन्हींना एकच फुटपट्टी लावू नये.

या मंडळींची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या लोकशाहीत उणिवा आहेत. मत त्याला, जो प्रोग्रॅम लिहितो किंवा प्रकल्पाचे दुसरे काही काम करतो. ज्याला इंग्रजी येते आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याचाच आवाज मोठा. पुष्कळांचा पगार बड्या कंपन्या देतात, आणि पगार देणाऱ्याची सावली कामावर पडतेच. दिवसभर तो प्रोग्रॅम चालवणारा काउंटरवरचा कारकून या मतदानात नसतो. म्हणून रीत घ्यावी, पण तिच्यातली ही जागा आपण भरून काढावी.

आणि ही रीत परदेशातूनच शिकावी लागते असेही नाही. १९२० मध्ये मुंबईत आयटकची स्थापना झाली. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात, पंडित नेहरू अध्यक्ष असताना, व्हिटली कमिशनवरील बहिष्कारासारख्या प्रश्नांवरून ती फुटली आणि ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी प्रभृती बाहेर पडले. त्यांनी वेगळी संघटना चालवली, पण एकीची बोलणी सोडली नाहीत. १९३८ मध्ये त्याच नागपुरात तात्पुरती एकी झाली. आधी एकत्र काम करून पाहायचे आणि मग कायमचे ठरवायचे, अशी ती व्यवस्था होती. १९४० मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. १९२९ पर्यंत सरचिटणीस असलेले ना. म. जोशी १९४० मध्ये पुन्हा त्याच पदावर आले. बाहेर गेलेल्या माणसाला परत आल्यावर मागच्या बाकावर बसवले नाही. पुढे १९४७ आणि १९४८ मध्ये पुन्हा फुटी पडल्या आणि त्यांतले फाटे आजतागायत वेगळे आहेत, हेही खरे. पण एकदा सांधले होते, हे विसरू नये.

बंधू-भगिनींनो, आपल्या शाखांतही असे प्रसंग येतात. कुठे डेपो वेगळी शाखा मागतो, कुठे एखादे केडर म्हणते की आमचे प्रश्न कोणी मांडत नाही. त्यांना लगेच फुटीर म्हणणे सोपे असते. आमची सूचना अशी की, अशा मागणीवर मतदान घेण्यापूर्वी सभेच्या इतिवृत्तात चार गोष्टी लिहाव्यात. पहिली, ही मंडळी काय मागत होती आणि ते किती दिवस टेबलावर पडून राहिले. दुसरी, त्यांना आत राहूनच, मुदत ठरवून, आपल्या पद्धतीने काम करून पाहण्याची मुभा देता येईल का. तिसरी, ठराव फेटाळला तर हरलेल्यांना काय मिळणार. चौथी, ते गेलेच तर वर्गणी, दप्तर, नाव आणि सभासदांची यादी यांचे काय, आणि परत यायचे झाले तर कोणत्या वाटेने. ही चार उत्तरे लिहिताना निम्मी भांडणे तिथल्या तिथे मिटतील असे आम्हाला वाटते.

हाच आग्रह आपण प्रशासनापुढेही धरावा. नवा प्रोग्रॅम लावण्यापूर्वी तो थोड्या ठिकाणी चालवून पाहा. तो चालवणाऱ्यांच्या तक्रारी लेखी घ्या आणि त्यांचे काय झाले ते लेखी कळवा. गंभीर बिघाड शिल्लक असताना तारीख जाहीर करू नका. आणि चाचणीच्या समितीत खिडकीवरची माणसे बसवा. यासाठी प्रोग्रॅम लिहिता यायला लागत नाही. तो वापरून ज्याची बोटे दुखतात त्याला त्याच्याविषयी बोलण्याचा हक्क आहे.

सांधा वेळच्या वेळी पाहावा लागतो, त्याला तेल द्यावे लागते, नाहीतर तो ऐन वेळी अडकतो. संघटनेच्या घटनेतली कलमे म्हणजे असेच सांधे आहेत. येत्या वार्षिक सभेच्या आधी प्रत्येक शाखा चिटणिसाने आपल्या घटनेची प्रत काढून ही कलमे सभासदांपुढे वाचून दाखवावीत, आणि जिथे परत येण्याची वाट लिहिलेली नसेल तिथे ती लिहिण्याचा ठराव मांडावा.